क्षारपड दीड एकरावर अ‍ॅट्रिप्लेक्स आणि मेंढ्या : प्रकल्प नोंदी, २०२१ ते २०२४

मिरज तालुक्यात कृष्णेपासून थोड्या अंतरावर असलेल्या आमच्या काळ्या रानापैकी दीड एकराचा तुकडा वर्षानुवर्षे उसाला दिलेल्या जादा पाण्याने क्षारपड झाला आहे. तेथे उसाचे डोळे फुटत नाहीत आणि गहू वीतभर वाढून पिवळा पडतो. या तुकड्यावर अ‍ॅट्रिप्लेक्स ही क्षार सोसणारी झुडपे लावून त्यांवर उन्हाळ्यात मेंढ्या चारता येतील का, हे पाहण्यासाठी केलेल्या कामाच्या या नोंदी आहेत. सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागात ज्यांची अशी जमीन पडून आहे त्यांना त्यांचा उपयोग व्हावा, म्हणून काय फसले आणि त्यावर कोणता उपाय केला, हेच येथे प्रामुख्याने लिहिले आहे.

१२ ऑक्टोबर २०२१

जुलैच्या महापुरानंतर रान वापशाला आल्यावर तीन खोलींवरून मातीचे नमुने घेतले. येथे एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. बहुतेक माती परीक्षण अहवालांत १ भाग माती आणि २.५ भाग पाणी या द्रावणाची विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचे माप, दिलेली असते, तर झुडपांच्या सहनशक्तीचे पुस्तकी आकडे संपृक्त अर्काच्या, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याच्या, वाहकतेवर बेतलेले असतात. भारी काळ्या मातीत दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी अधिक येतो, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना केल्यास जमीन आहे त्यापेक्षा बरीच बरी वाटते. म्हणून संपृक्त अर्काची तपासणी वेगळी मागून घेतली. वरच्या थरात वाहकता मीटरला १४ डेसिसीमेन्स आणि सामू ८.३ आला. सामू ८.५ च्या आत आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या आत असल्यामुळे ही जमीन क्षारयुक्त आहे, चोपण (सोडियमचे प्रमाण जास्त असलेली) नाही. चोपण असती तर आधी जिप्समचा विचार करावा लागला असता.

तणांवरूनही हेच दिसते. उंच बाजूला हरळी आणि लव्हाळा तग धरून आहेत, मधल्या पट्ट्यात रुदंती या खारवट जमिनीतल्या तणाशिवाय काही उगवत नाही आणि ओढ्याकडच्या कोपऱ्यात पाणथळ जागी येणारे पाणकणीस माजले आहे. गिरमिटाने खोल भोक पाडून त्यात छिद्रे पाडलेली पीव्हीसी नळी बसवली. आज भूजल पृष्ठभागापासून ४५ सेंटीमीटरवर आहे. ही नळी बसवायला तीनशे रुपयेही लागले नाहीत, आणि पुढच्या सर्व कामात तिच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी ठरली नाही.

६ डिसेंबर २०२१

या जमिनीवरचा खरा उपाय म्हणजे जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करणे. परंतु त्यासाठी पाण्याला शेवटपर्यंत उतार आणि वाट लागते, आणि आमच्या खालच्या बाजूचे शेतकरी अजून तयार नाहीत. ते तयार होईपर्यंत जमीन नुसती पडू देण्यापेक्षा झुडपे लावावीत असे ठरले.

झुडूप म्हणून अ‍ॅट्रिप्लेक्स नुम्युलारिया निवडले, ज्याला ऑस्ट्रेलियात ओल्ड मॅन सॉल्टबुश म्हणतात. आपल्या देशात कर्नाल आणि जोधपूर येथील संशोधन संस्थांनी अ‍ॅट्रिप्लेक्सच्या जाती लावून पाहिल्या आहेत. याच्या पानांवर सूक्ष्म फुगे असतात, मुळांनी ओढलेले मीठ त्यांत साठते, आणि पान चंदेरी दिसते ते त्यामुळेच. याचाच दुसरा अर्थ असा की मेंढीच्या तोंडी जो पाला जातो त्याच्या कोरड्या वजनात चौथा हिस्सा, कधी त्याहून अधिक, राख आणि मीठ असते.

८ मार्च २०२२

रोपवाटिकेत दोन महिने वाया गेले. या झुडपाचे बी कागदासारख्या दोन पाकळ्यांच्या आवरणात असते आणि त्या आवरणातले मीठच उगवण रोखून धरते. पहिले बी तसेच, काळ्या मातीच्या पिशव्यांत बोटभर खोल टोकले होते. माती वरून घट्ट बसली आणि उगवण नगण्य झाली. दुसऱ्या खेपेस बी फडक्यात बांधून वाहत्या पाण्याखाली रात्रभर ठेवले, सावलीत सुकवले आणि निम्मी वाळू व निम्मे चाळलेले शेणखत घेऊन जेमतेम झाकले जाईल इतक्याच खोलीवर पेरले. आता उगवण समाधानकारक आहे. ज्यांना जवळपास वाढलेले झुडूप उपलब्ध असेल त्यांनी बियांच्या मागे लागू नये. अर्धवट जून फांदीचे वीतभर तुकडे वाळूत लावल्यास मुळे फुटतात, आणि आईझाडाचे गुणही जसेच्या तसे उतरतात.

२५ जून २०२२

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर चार मीटर अंतराच्या ओळींत, दोन झुडपांत दोन मीटर ठेवून, सपाट रानात साडेसातशेच्या आसपास रोपे लावली. ओळींतली जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे, कारण तेथे गवत आल्याशिवाय या चाऱ्याला पूर्णत्व येत नाही.

९ ऑगस्ट २०२२

जुलैअखेरीपासून खालच्या भागात पाणी तुंबले असून निरीक्षण नळीत ते थेट जमिनीच्या पातळीला आले आहे. मधल्या पट्ट्यातली बहुतेक आणि खालच्या कोपऱ्यातली सर्व रोपे मेली. उपटून पाहिले तेव्हा मुळे काळी पडून त्यांना कुजका वास येत होता, पानांच्या कडा मात्र करपलेल्या नव्हत्या. मरण क्षारामुळे आले असते तर कडा आधी करपल्या असत्या. हवेअभावी मूळ गुदमरले, आणि गुदमरलेले मूळ मीठ बाहेर अडवू शकत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या पुस्तिका जशाच्या तशा आपल्याकडे का लागू पडत नाहीत, ते यातून समजते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गहू पट्ट्यात पाऊस हिवाळ्यात पडतो, तोही आपल्या मानाने हलका. तेथे रोपे जुलै ते सप्टेंबर या काळात लावतात, म्हणजे ओलावा असतो पण पुढे उष्मा वाढत जाऊन रान सुकत जाते. आपल्याकडे त्याच महिन्यांत भारी जमिनीवर पाणी साचते. पंचांगातला महिना न पाहता पाऊस संपून रान वाळू लागण्याचा काळ पाहिला, तर आपल्यासाठी लागवडीची वेळ नोव्हेंबर येते. पाणथळ सोसणारे दुसरे झुडूप म्हणजे अ‍ॅट्रिप्लेक्स अ‍ॅम्निकोला. ते मर्चिसन आणि गॅस्कॉइन या नद्यांच्या काठचे आहे, परंतु त्याची रोपे मला मिळाली नाहीत.

१५ नोव्हेंबर २०२२

जेसीबीने ओढ्यापर्यंत कडेची चर खोदली आणि ट्रॅक्टरने ४५ सेंटीमीटर उंचीचे वरंबे ओढले. उरलेली आणि नव्याने तयार केलेली रोपे वरंब्याच्या माथ्यावर लावली. खालच्या कोपऱ्यात झुडपाचा हट्ट सोडून कर्नाल गवताचे ठोंब लावले. हे गवत क्षार आणि साचलेले पाणी दोन्ही सोसते.

२ फेब्रुवारी २०२३

नवी अडचण उभी राहिली. पाऊस थांबल्यावर खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वरंब्यात चढले, माथ्यावरून त्याची वाफ झाली आणि मीठ नेमके माथ्यावर, म्हणजे रोपाच्या बुंध्याशी, पांढऱ्या पापुद्र्यासारखे साचले. मोठी रोपे टिकली, पण वीतभर उंचीची रोपे गळ्याशी करपली. क्षारयुक्त जमिनीतल्या वरंब्यावर रोप माथ्यावर न लावता उताराच्या खांद्यावर लावावे, हा नियम भाजीपाल्यालाही लागू आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लाइव्ह माल्कम यांनी क्षारपड कुरणांसाठी जे पेरणीयंत्र विकसित केले, ते उंचवट्याच्या माथ्यावर लहानशी खाच पाडून तिच्यात बी टाकते, जेणेकरून पावसाचे पाणी खाचेत उतरून बियाजवळचे मीठ धुऊन नेईल. त्यामागचे तत्त्व हेच आहे.

आम्ही मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे वरंब्याच्या पूर्वेकडील खांद्यावर लावली, माथ्यावर उसाचे पाचट जाड अंथरले आणि प्रत्येक रोपाला आठवड्याला पाच लिटर गोड पाणी दिले. पाचट घातलेल्या ओळींत पापुद्रा जवळजवळ धरला नाही. शेजारी पाचट जाळतात, त्यामुळे ते फुकट मिळाले. फक्त ओढून आणण्याची मजुरी पडली.

२१ मे २०२३

जगलेली झुडपे पाचशेच्या आत-बाहेर आहेत आणि बहुतेक गुडघाभर झाली आहेत. एका रात्री कुंपणाच्या फटीतून गावातल्या शेळ्या आत शिरल्या आणि त्यांनी रस्त्याकडच्या दोन ओळी सालीसकट ओरबाडल्या. काटेरी तारेचे कुंपण पक्के करून घेतले, आणि संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत मोठा खर्च तोच झाला.

३ सप्टेंबर २०२३

यंदाचा ऑगस्ट कोरडा गेला. शेजारच्या रानातला सोयाबीन करपला आहे, परंतु या तुकड्यावर झुडपे कधी नव्हे इतकी जोमात आहेत. नळीत पाणी एक मीटरच्या खाली गेले आहे. श्रेय झुडपांचे किती आणि पावसाच्या ओढीचे किती, हे एका वर्षाच्या मोजणीवरून ठरवता येणार नाही. माझ्या मते मोठा वाटा पावसाचाच असावा. तरीही दिशा योग्य आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९२४ साली वुड नावाच्या रेल्वे अभियंत्याने दाखवून दिले होते की मूळची झाडी तोडून गहू पेरल्यामुळे भूजल वर आले आणि त्याबरोबर जमिनीतले मीठही. तेथे जे झाडतोडीने घडले, ते आपल्याकडे उपसा सिंचनाने आणि पाटपाण्याने घडवले. बारमाही हिरवे राहणारे खोल मुळांचे झुडूप त्या पाण्याचा थोडा तरी उपसा करते.

१० नोव्हेंबर २०२३

राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला असून त्यात मिरजही आहे. कडब्याचे भाव चढले आहेत. जत तालुक्यातून दर हिवाळ्यात नदीकाठी उतरणारे मेंढपाळ तात्या यंदा लवकर आले. त्यांच्या खांडात (कळपात) बहुतेक मेंढ्या माडग्याळी आहेत. रानात मेंढ्या बसवण्यासाठी शेतकरी मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देतो ही आपल्याकडची रीत आहे. आम्ही ठरवले की झुडपांची चराई आणि पाणी आमच्याकडून, आणि त्याच्या बदल्यात मेंढ्या रात्री आमच्या चांगल्या रानात बसवायच्या.

किती मेंढ्या, किती दिवस, याचा हिशेब आधी केला. मध्यम आकाराच्या काही झुडपांचा मेंढीच्या तोंडाला पोहोचेल तेवढा पाला आणि कोवळी काडी कापून वाळवली, तेव्हा झुडपामागे सरासरी ६०० ग्रॅम भरली. पाचशे झुडपांचे तीन क्विंटल होतात. पस्तीस किलोची मेंढी दिवसाला सव्वा किलोच्या आसपास कोरडा चारा खाते, आणि त्यातला निम्म्यापेक्षा कमी हिस्सा या पाल्याचा ठेवायचा म्हणजे अर्धा किलो. तीन क्विंटल पाला म्हणजे वीस मेंढ्यांना एक महिना. एवढेच. ज्यांना दीड एकरावर मोठे खांड उन्हाळाभर पोसण्याची आशा असेल त्यांनी हा हिशेब लागवडीपूर्वी करावा.

१८ जानेवारी २०२४

आज वीस मेंढ्या आत सोडल्या. त्याआधी झुडूप हाताने जोर लावून ओढून पाहिले. मुळे पक्की धरलेली नसतील तर मेंढी पाला ओरबाडताना झुडूपच उपटते. तात्यांच्या वाघरीने (मेंढ्या कोंडायच्या जाळीने) रानाचे चार भाग पाडले आणि एका भागात आठवडाभर, असा क्रम ठरवला. वाघर हलवायला दोन माणसांना अर्धा तास पुरतो, त्यामुळे तारेच्या आतल्या कुंपणाचा खर्च वाचला.

उपाशी मेंढी थेट या पाल्यावर सोडू नये, हे आवर्जून नोंदवतो. पाल्यात ऑक्झलेट हे जास्त झाल्यास मेंढीला बाधणारे द्रव्य असते आणि मीठही भरपूर, त्यामुळे सकाळी आधी कडबा आणि हरभऱ्याचे भुसकट देऊन मगच आत सोडायचे आणि पहिले काही दिवस दोन-तीन तासांत बाहेर काढायचे. पहिल्या दिवशी मेंढ्यांनी झुडपांकडे पाहिलेही नाही, कडेची हरळी खाल्ली. तात्या म्हणाले, “जाणती मेंढी पुढं घाला, बाकीच्या मागनं येत्यात.” रस्त्याकडेच्या झुडपांची चव घेतलेल्या दोन म्हाताऱ्या मेंढ्या होत्या, त्या पुढे घातल्या. तिसऱ्या दिवसापासून सगळ्या खाऊ लागल्या.

६ मार्च २०२४

चराई सुरू झाल्यापासूनची सर्वांत गंभीर अडचण पिण्याच्या पाण्याची ठरली. रानातल्या बोअरचे पाणी मोजले तर वाहकता ४.६ डेसिसीमेन्स आली. हिरव्या गोड गवतावरच्या मेंढीला असे पाणी चालून जाते, परंतु चाऱ्यातच चौथा हिस्सा मीठ असताना ते बाहेर टाकण्यासाठी मूत्रावाटे पाणी खर्चावे लागते, आणि पिण्याचे पाणीही खारे असेल तर मेंढी खाणेच कमी करते. आमच्या मेंढ्यांनी नेमके हेच केले. कुंडीजवळ घोटाळत उभ्या राहायच्या, झुडपांना तोंड लावायच्या नाहीत आणि संध्याकाळी भकाळ्या (बरगड्यांमागचे खळगे) खोल दिसायच्या. आधी वाटले की उन्हाळा चढल्याने पाला जून होऊन त्याची चव बिघडली असावी.

शेजारच्या रानातल्या गोड्या विहिरीवरून पाइप टाकून दोन हजार लिटरची टाकी भरण्याची सोय केली आणि कुंडी बाभळीच्या सावलीत हलवली. दोन दिवसांत मेंढ्या पुन्हा पाल्यावर आल्या. टाकीच्या उतरत्या पातळीवरून मेंढीमागे दिवसाला आठ लिटरच्या आसपास पाणी लागते असे दिसते. गोड पाण्याची खात्री नसेल तर या कामात पडू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. झुडूप मरते ते साचलेल्या पाण्याने आणि मेंढी अडते ती पिण्याच्या पाण्याने. नुसत्या क्षाराने आमचे नुकसान त्या मानाने थोडे झाले.

१४ एप्रिल २०२४

वजनाच्या आकड्यांनी काही काळ दिशाभूल केली. टांगत्या काट्यावर बहुतेक मेंढ्यांचे वजन किलो-दीड किलोने वाढलेले दिसत होते, परंतु तात्यांनी कमरेच्या मणक्यावर बोटे फिरवून त्या उतरल्याचे सांगितले. त्यांचेच बरोबर निघाले. खारट चाऱ्यावरची मेंढी इतके पाणी पिते की काटा पोटातले पाणी मोजतो. तेव्हापासून सकाळी, पाणी पिण्यापूर्वी, वजन घेतो आणि मणक्यावरचे मांस हाताने तपासून वेगळी नोंद ठेवतो.

उतरण्याचे कारण ऊर्जेची कमतरता हे होते. या पाल्यात कच्ची प्रथिने कागदावर १५ टक्क्यांच्या वर दिसतात, पण त्यांतला बराच नत्र खऱ्या प्रथिनांच्या रूपात नसतो. पोटातले सूक्ष्मजीव त्याचे प्रथिन करू शकतात, मात्र त्यासाठी त्यांना सोबत पिष्टमय खाद्य हवे. मेंढीमागे दीडशे ग्रॅम मक्याचा भरडा सुरू केला आणि कडबा वाढवला. तीन आठवड्यांत उतरणे थांबले. त्यांची वाढ झाली असा दावा मी करणार नाही. उन्हाळ्यात अंग टिकले, आणि गाभण मेंढ्यांसाठी तेही महत्त्वाचे आहे. वाळल्या चाऱ्यावर उन्हाळ्यात जे ई जीवनसत्त्व तुटते, ते या हिरव्या पाल्यातून मिळते हा आणखी एक लाभ.

२० मे २०२४

चारही भाग चरून झाले. मार्चमधल्या खंडामुळे आणि कडब्याचा वाटा वाढवल्यामुळे पाला ठरल्यापेक्षा अधिक काळ पुरला. झुडपांवर थोडा पाला शिल्लक असतानाच मेंढ्या काढल्या, कारण पूर्ण ओरबाडलेले झुडूप पावसाळ्यात पाणी तुंबल्यास तग धरत नाही.

आतापर्यंतचा खर्च असा : कुंपण ४६ हजार, चर आणि वरंबे १४ हजार, रोपवाटिका आणि लागवड ९ हजार, पाण्याची टाकी आणि पाइप १७ हजार; एकूण ८६ हजार रुपये. एका उन्हाळ्याच्या चराईतून आणि रानात बसलेल्या मेंढ्यांच्या खतातून यातला लहानसा भागच निघाला. कुंपण आधीपासून असेल तर हिशेब बराच बदलतो.

अनेकांनी विचारले की मेंढ्या मीठ खाऊन नेतात, तर जमीन आपोआप सुधारेल का. तीन क्विंटल पाल्यात मीठ फार तर ७५ किलो. याउलट वाहकता १ डेसिसीमेन्स असलेल्या पाण्याची पाच सेंटीमीटरची एक पाळी दीड एकराला दिली तर जवळजवळ १९० किलो क्षार जमिनीत येतात. शिवाय खाल्लेले मीठ मूत्रावाटे मेंढी जेथे बसेल तेथे पडते, म्हणून चांगल्या रानातली बसण्याची जागा आम्ही रोज बदलत होतो. जमीन सुधारण्याचे काम निचराच करील. झुडपे जमीन झाकतात, वाफ कमी करतात आणि भूजल थोडे खाली ठेवतात.

१२ ऑगस्ट २०२४

जुलैअखेरीस कृष्णेचे पाणी वाढले तेव्हा ओढा फुगून चरीतले पाणी उलटे आले. वरंब्यांवरची झुडपे वाचली. जेथे चर गाळाने भरली होती तेथे काही मेली. पावसाळ्याआधी चर साफ करणे हे दरवर्षीचे काम धरून चालावे.

१७ नोव्हेंबर २०२४

चरलेली झुडपे पुन्हा कमरेइतकी झाली आहेत. जी चराईतून सुटून डोक्याइतकी उंच गेली, ती मीटरभर उंचीवर छाटली, कारण मेंढीला न पोहोचणारा पाला निरुपयोगी आहे. ओळींमधल्या जागेत यंदा हरळी स्वतःहून पसरली आहे.

चराईच्या वेळी एक गोष्ट लक्षात आली होती की एकाच ओळीतली काही झुडपे मेंढ्या आधी फस्त करतात आणि शेजारची शेवटपर्यंत टाळतात. बियांपासून केलेल्या रोपांत असा फरक असणे स्वाभाविक आहे. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने निवडलेल्या अनामेका या वाणाच्या निवडीतही मेंढ्यांच्या पसंतीला स्थान होते. तो वाण अधिक पचनीय आहे आणि छाट कलमांनीच वाढवतात. तो आपल्याकडे मिळत नाही, पण पद्धत वापरता येते. आधी खाल्ल्या गेलेल्या झुडपांच्या बुंध्यांना मेमध्येच तांबडा रंग लावून ठेवला होता. त्यांपैकी पावसाळ्यात जगलेल्यांची छाट कलमे आज वाळूच्या वाफ्यात लावली आहेत. मुळे धरल्यास ती फेब्रुवारीपूर्वी मधल्या पट्ट्यातल्या रिकाम्या जागी, वरंब्याच्या खांद्यावर जातील.